बंदुकीतली बाळंतीण

नानासो हवालदारांना त्यांच्या बंदुकीनं आजवर किती रानडुकरं मारली असं कोणी विचारलं, की ते आधी मिशीवरून हात फिरवायचे आणि मग उलट विचारायचे, "कुठल्या सालची सांगू?"

साताऱ्याहून कासच्या अंगाला चढायला लागलं की डोंगराच्या कुशीत तांबडेवाडी लागते. तिथं सोप्यातल्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ती बंदूक आडवी विसावलेली असायची. दोन नळ्यांची, बारा बोअरची, अक्रोडी दस्त्याची. नानासो फौजेतून हवालदार म्हणून सुटून आले आणि शेतीच्या राखणीसाठी त्यांनी रीतसर परवाना काढला. पुढं काही वर्षं तीच बंदूक खांद्याला लावून ते साताऱ्यात एका बँकेच्या दारात उभे राहिले. तिथं एकदा दरोडेखोर आले होते म्हणे. त्यांनी आधी नानासोंकडं बघितलं, मग बंदुकीकडं बघितलं, आणि गुपचूप रांगेत उभे राहून बचत खाती उघडून गेले. "अजून चालू हायत ती खाती," नानासो सांगायचे. "व्याज न्यायला येत्यात बिचारे."

पण सगळ्यात गाजलेली गोष्ट यवतेश्वराच्या कड्याची. भुईमुगात डुकरं शिरली होती. नानासोंनी एकच बार काढला. एक डुक्कर जागीच आडवं झालं, ठीक आहे, ते कुणीही करील. पण बाराचा आवाज समोरच्या कड्यावर आपटला आणि परत आला, आणि त्या परत आलेल्या आवाजानं दुसरं डुक्कर मेलं. काडतूस एक, डुकरं दोन. गावातली माणसं हसायची आणि पुन्हा सांगायला लावायची.

आता नानासोंना एकट्यालाच जे ठाऊक होतं ते असं. फौजेत त्यांनी गोळ्या पुष्कळ झाडल्या होत्या, नेमबाजीचं बक्षीसही मिळवलं होतं. पण ही बंदूक घेतल्यावर पहिल्याच साली त्यांनी एका डुकरावर नेम धरला आणि तो चुकला. डुकरानं मान वळवून त्यांच्याकडं नीट बघून घेतलं आणि पुन्हा शेंगा उकरायला लागलं. ती नजर काही नानासो विसरले नाहीत. त्या दिवसापासून त्या बंदुकीतून पुन्हा बार निघाला नाही. पुढं डुकरं मरायला लागली ती गोष्टींत, आणि गोष्टींत नेम कधी चुकला नाही.

असं सगळं सुखात चाललं होतं, तोवर सुनेनं हरकत घेतली.

सून चंदना सांगलीची. तिचे वडील जवाहर हळदीचे व्यापारी, पक्के जैन, अंधार पडायच्या आत जेवून हात धुणारे. नानासोंचा जयराज शिरवळच्या कारखान्यात होता, तिथंच ती अकाउंट्सला होती. दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरांत थोडी आदळआपट झाली, मग जेवणावळीही झाल्या. चंदना पहिल्या बाळंतपणाला सांगलीला गेली. मुलगी झाली. पाचव्या महिन्यात बाळ-बाळंतीण घरी आणायचं म्हणून नानासो नवं कोरं पागोटं बांधून सांगलीला न्यायला गेले, आणि तिथं चंदनानं त्यांच्यासमोर चहा ठेवत शांतपणे सांगितलं,

"मामा, मी येते. पण ती बंदूक घरात असेपर्यंत नाही."

नानासोंना आधी वाटलं, थट्टा करते. "अगं, तिला काय कळतंय? लहान हाय अजून!"

"तिला कळत नाही म्हणूनच म्हणते. पाळण्याचा आकडा कुठं आहे आपल्या सोप्यात? बंदुकीच्या बरोबर खाली."

"बंदूक भरलेली नसती, चंदना. मी फौजी माणूस हाय. काडतुसं कुलपात, किल्ली माझ्या कडदोऱ्याला."

"भरलेली नाही असं सगळेच सांगतात, मामा. आणि गोष्ट रंगात आली की तुम्ही ती खाली काढता आणि पाहुण्यांवर नेम धरून दाखवता. मागच्या दिवाळीला माझ्या भावावर धरला होता. तो हसला. मला नाही हसू आलं."

नानासोंनी मोर्चा व्याह्यांकडं वळवला. जवाहरशेठ झोपाळ्यावर बसून हे सगळं ऐकत होते.

"पाव्हणं, हे तुमीच शिकवलं असणार पोरीला."

"मी कशाला शिकवू? शिकलेलीच हाय ती," जवाहर म्हणाले. "पण बरोबर बोलली बघा. जीव घ्यायचं हत्यार घरात कशाला लागतंय? डुकरालाबी पोट हाय की."

"मग डुकराला सांगलीला धाडतो. तुमच्या हळदीवर चरू दे."

"येऊ दे की. हळद खाल्ली तर खोकला तरी जाईल त्याचा."

"आणि तुमच्या गोदामाच्या दारात बंदूकवाला वॉचमन उभा असतोय, त्यो काय आरती करायला व्हय?"

हे मात्र बरोबर बसलं. जवाहरशेठनी झोपाळा थांबवला. "त्यो गोदामाच्या दारात असतोय, नानासो. माझ्या नातीच्या पाळण्यावर टांगलेला नसतोय."

"ज्याच्या घरात बंदूक, त्याच्या वाटेला कोण जात न्हाई. आमच्या वाडीला पोलीस यायचं म्हटलं तर घाट चढून यावं लागतंय. तवर काय चोराला चहा पाजत बसू?"

"आजवर कितीदा चोर आला?"

"आला न्हाई, ते बंदूक हाय म्हणून!"

"आमच्याकडंबी आला न्हाई. आणि आमच्याकडं तर बंदूक न्हाई."

असा वाद दुपारभर चालला. नानासो रिकाम्या हातानं एसटीत बसले. मांडीवर बाळासाठी आणलेलं चांदीचं वाळं तसंच राहिलं होतं. नातीनं निघताना त्यांची मिशी मुठीत धरली होती आणि ती सोडवताना त्यांना वाटलं होतं, आख्ख्या पलटणीनं धरलं तरी इतकं घट्ट धरलं नसतं.

पण नानासो काही हार मानणारे नव्हते. बंदूकही राहील आणि नातही येईल असा काहीतरी डाव निघेलच, याची त्यांना खात्री होती.

दसरा आला. खंडेनवमीला मनुबाईंनी, म्हणजे नानासोंच्या कारभारणीनं, दरसालाप्रमाणं पूजा मांडली. विळा, कोयता, कुदळ, जयराजची मोटरसायकल, आणि खुंटीवरची बंदूक. बंदूक जड म्हणून मनुबाई ती कधी खाली काढायच्या नाहीत. स्टुलावर चढून तिथंच हळदकुंकू, अक्षता वाहायच्या आणि दसऱ्याला घट उठले की घटातल्या पिवळ्याधमक अंकुरांचा तुरा जसा नानासोंच्या टोपीत खोवायच्या, तसाच बंदुकीच्या नळीतही खोवायच्या. बंदुकीला टोपी कुठली? नळीच तेवढी उघडी. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. जुना तुरा आत ढकलायचा, नवा खोवायचा.

आणि दसरा झाल्यावर दोनच दिवसांत आचारसंहिता लागली. विधानसभेची निवडणूक. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करा असा निरोप आला, आणि नानासोंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी लगेच सांगलीला फोन लावला.

"पाव्हणं, काम झालं! बंदूक ठाण्यात जमा करतोय. घरात बंदूक न्हाई. आता आणा माझ्या नातीला."

पलीकडून चंदनाच बोलली. "आणि निकाल लागल्यावर, मामा?"

"तवाचं तवा बघू की!"

"मग मीही तेव्हाचं तेव्हाच बघते."

शेवटी मध्यम मार्ग निघाला. जवाहरशेठनी स्वतः यावं, बंदूक जमा होताना डोळ्यांनी बघावं आणि मग पुढचं बोलावं. व्यापारी माणूस, माल बघितल्याशिवाय बोलणार नाही. ते सकाळच्या गाडीनं साताऱ्याला उतरले. शेजारच्या गुंडा नावाच्या पोराची रिक्षा होती. पुढं गुंडा, मागं दोन व्याही आणि त्यांच्या मध्ये कापडी खोळीतली बंदूक, अशी वरात ठाण्याकडं निघाली. जवाहरशेठ अंग चोरून पार कडेला बसले होते.

"चावत न्हाई ती," नानासो म्हणाले.

"तुमच्या गोष्टी ऐकल्यात मी," जवाहर म्हणाले. "नुसत्या आवाजानं मारती म्हणं."

दरवेळी ठाण्यात नानासोंच्या ओळखीचे एक जुने अंमलदार असायचे. खोळ बघितली की "या हवालदारसाहेब" म्हणून बंदूक न उघडताच आत ठेवायचे. ते आता निवृत्त झाले होते. टेबलाशी चारुलता नावाच्या नव्या पोलीसबाई होत्या, आणि त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं,

"खोळ काढा. उघडून दाखवा. दोन्ही नळ्या मोकळ्या दिसल्या पाहिजेत."

नानासोंनी रुबाबात खोळ काढली, कळ दाबली, बंदूक मध्यात वाकवली. काडतुसांची जागा रिकामी होती. बाईंनी ती नीट बघितली, मग नळ्या खिडकीच्या उजेडाकडं धरून डोळा लावला.

"काही दिसत नाही."

"जरा तिरकी धरा," नानासो म्हणाले.

बाईंनी तिरकी धरली, मग हलवली, मग नळीचं तोंड खाली करून टेबलावर आपटली. डाव्या नळीतून आधी थोडं कुंकू पडलं. मग अक्षता. मग वाळलेल्या अंकुरांचा एक तुरा, त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं आणखी जुना, काळा पडलेला. टेबलावर लहानसं घटस्थापनेचं शेतच उभं राहिलं.

दारातून गुंडा बघत होता. "आवं नानासो," तो म्हणाला, "गेल्याच साली तुमी डुक्कर पाडलं म्हणला व्हतासा. ते काय अक्षता टाकून? लगीन लावलं व्हय त्याचं?"

ठाण्यातले दोघं-तिघं हसले. नानासोंची मान इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जरा खाली गेली, पण लगेच वर आली. "डुक्कर उजव्या नळीनं मारलं," ते म्हणाले.

उजव्या नळीच्या तोंडाशी मातीचं गोल बूच बसलं होतं, भांड्याच्या बुडासारखं गुळगुळीत. चारुलताबाईंनी कपाटातून सळई काढली.

"थांबा!" जवाहरशेठ असे ओरडले की बाईंच्या हातातली सळई खाली पडली. "घालू नका सळई. कुंभारमाशीचं घर हाय ते. आत पिल्लं असत्यात."

आणि ज्या माणसानं जन्मात बंदुकीला बोट लावलं नव्हतं, तो माणूस पुढं झाला, वाकला आणि त्यानं मातीच्या बुचाला कान लावला.

"कान काढा आधी!" बाई खेकसल्या.

"रिकामी हाय म्हणून तुमीच बघितलं की, मॅडम. हं... हाय. आत कायतरी कुरकुरतंय."

नानासोंनी तिथल्या तिथं घरी फोन लावला. "मनू, बंदुकीत माशीनं घर केलंय, तुला ठाव हाय का?"

मनुबाईंचा आवाज सगळ्या ठाण्याला ऐकू गेला. "व्हय की. बेंदूर झाल्यापासनं येती-जाती. मातीचं गोळं आणून आणून लय राबली बिचारी. बाळंतीण हाय म्हणून बोलले न्हाई. आणि तुमी काय बार काढतासा व्हय कवा?"

गुंडा दारातच पोट धरून खाली बसला.

"घ्या," नानासो जवाहरशेठना म्हणाले. आवाजात जरा कडूपणा होता, पण हसूही होतं. "एक बाळंतीण बंदुकीपायी घरात येईना, आणि दुसरी बंदुकीतच येऊन राहिली."

आता खरा पेच पडला. चारुलताबाई म्हणाल्या, नळी साफ केल्याशिवाय जमा करून घेणार नाही. जवाहरशेठ म्हणाले, साफ केली तर जीव मरतील, मी इथं उभा असताना ते होणार नाही.

"मग घरी न्या," बाई म्हणाल्या. "पिल्लं बाहेर पडली की आणा."

"घरी न्हेली तर माझी लेक यायची न्हाई!" जवाहरशेठ म्हणाले आणि मग स्वतःच काय बोललो ते ऐकून डोकं धरून बाकावर बसले. सकाळी बंदुकीशेजारी अंग चोरून बसलेला माणूस आता तिच्यावर हात ठेवून राखण करत होता.

नानासोंना मात्र यात डाव दिसला. हवा होता तो हाच. त्यांनी ऐटीत चंदनाला फोन लावला आणि सगळी हकिकत मीठमसाला लावून सांगितली. पलीकडं ती इतकी हसली की मागं बाळही खिदळल्याचं ऐकू आलं.

"आता तूच सांग," नानासो म्हणाले. "दोन्ही नळ्या ठार बुजलेल्या. असल्या बंदुकीला भ्यायचं काय? पाळण्याचा दांडा न् ती, एकच. राहू दे भिंतीवर. ये आता."

चंदना हसायची थांबली.

"मामा, तुम्ही मला एक गोष्ट सांगितली होती. लग्नानंतर पहिल्यांदा अंगणात बसलो होतो तेव्हा. फौजेतली. तुमच्या बराकीतल्या त्या पोराची."

नानासोंचा मिशीवरचा हात तिथंच राहिला.

ती गोष्ट त्यांनी कधी फुगवली नव्हती. तिच्यात डुकरं नव्हती, दरोडेखोर नव्हते. पावसातून सराव करून आलेलं एक पोरगं, तेव्हाच्या नानासोंच्याच वयाचं. त्याच्या रायफलीच्या तोंडात चिखल गेला होता आणि त्याला कळलं नव्हतं. चाप ओढला तशी नळी केळीच्या सालीसारखी उकलली. त्याला धरून नेणाऱ्यांत नानासो होते. नवख्या शिपायांना ते पुढं सेवाभर एकच गोष्ट घोकून सांगत राहिले, मोकळ्या नळीला एकदा भ्या, बुजलेल्या नळीला दहादा भ्या.

"हे मी नाही म्हणत, मामा," चंदना म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय मला."

नानासोंच्या डोळ्यांसमोर सोपा आला. खुंटीवरची बंदूक, कुलपातली काडतुसं, कडदोऱ्याची किल्ली, आणि मग आपण म्हातारे झाल्यावर ती किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. शेतात डुक्कर शिरलं म्हणून घाईनं बंदूक काढणारा जयराज. त्याला नळीतलं काय ठाऊक? आपल्यालाच ठाऊक नव्हतं. आपण, हवालदार! आणि खाली पाळणा.

त्यांनी फोन खिशात ठेवला, पाठ ताठ केली आणि टेबलासमोर परेडला उभं राहावं तसे उभे राहिले.

"मॅडम, जमा करून घ्या."

"नळी साफ..."

"नळीचा निकाल पिल्लं बाहेर पडल्यावर तुमी लावा. मी परत न्यायला येणार न्हाई. परवानाच परत करतोय. काय अर्ज लागतो तो सांगा, आजच देतो."

गुंडा हसायचा थांबला. जवाहरशेठ बाकावरून उठले.

"नानासो, घाई नका करू. तुमची इतक्या वर्षांची..."

"पाव्हणं, तुमी बंदुकीची बाजू घ्याय लागलासा काय?"

"माशीची घेतोय," जवाहरशेठ म्हणाले.

चारुलताबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग चेहरा अगदी कोरा ठेवून त्या म्हणाल्या, "आत शस्त्रांच्या खोलीला एक जाळीची खिडकी आहे. नळी तिच्याकडं तोंड करून ठेवते. शेरा काय मारू?"

"बाळंतीण आत हाय म्हणून लिवा," नानासो म्हणाले.

चंदना बाळाला घेऊन दिवाळीच्या आधीच आली. मोकळ्या खुंट्यांवर मनुबाईंनी एका बाजूला दुपटी आणि दुसऱ्या बाजूला नानासोंचं पागोटं टांगलं. खाली पाळणा हलायला लागला. सांगलीहून जवाहरशेठचा ठाण्यात फोन जायचा, "पोरं निघाली का वो?" आणि चारुलताबाई आधी रागवायच्या, मग सांगायच्या, अजून नाही. मग एके दिवशी त्यांचाच फोन सांगलीला गेला. बूच फुटलं होतं, माशा खिडकीतून गेल्या होत्या. जवाहरशेठनी त्या दिवशी गोदामातल्या सगळ्या हमालांना पेढे वाटले.

गावातली माणसं मात्र नानासोंच्या सोप्यात येऊन खट्टू व्हायची. भिंत ओकीबोकी वाटायची. गुंडानं तर ठाण्यातली गोष्ट गावभर केली होती. तो मुद्दाम विचारायचा, "मग नानासो, डाव्या नळीची काय खबर?"

पहिले काही दिवस नानासो हसून विषय बदलायचे. मग एकदा पाळण्याची दोरी ओढता ओढता त्यांच्या लक्षात आलं, की बंदूक भिंतीवर होती तोवर गोष्टीला एक अडचण होती. ऐकणारा मधूनच वर बघायचा, बंदूक मोजायचा, नळी मोजायचा, मनात हिशेब करायचा. आता बघायला काहीच नव्हतं. मैदान मोकळं झालं होतं.

"बस रं गुंडा," ते म्हणाले. "तुला अर्धीच गोष्ट ठाव हाय. सरकारनं माझ्याकडं माणूस धाडला. म्हणाला, नानासो, ही बंदूक तुमच्याकडं हाय तवर निवडणूक घ्यायची हिंमत व्हईना कुणाची. म्हणून दिली. आणि आत ठेवली तर काय? पहिल्याच आठवड्यात आख्खी टोळी पळाली खिडकीतनं."

"कोण? कैदी?"

"माझ्या उजव्या नळीतनं सुटलेली. जाळी तोडून. पोलीस बघत राहिले. एकीलाबी धरता आलं न्हाई. माझ्या बंदुकीतनं निघालेलं कुणी अडवलंय का आजवर?"

गुंडा तोंड उघडं टाकून बघत राहिला. यातलं एक अक्षर त्याला खोटं पाडता येत नव्हतं. पाळण्यातून एक मूठ वर आली. नानासो वाकले, मिशी तिच्या हातात दिली आणि तशा वाकल्या अवस्थेतच यवतेश्वराच्या कड्याची गोष्ट पुन्हा सुरू केली. या वेळी त्या परत आलेल्या आवाजानं तीन डुकरं मेली, आणि चौथं जवाहरशेठच्या शेजारी रिक्षात बसून सांगलीला हळद खायला गेलं.